मोहीम डाव्या गुडघ्याची, मुक्काम कापू किनारा

श्रीवरुण प्रसन्न. समुद्र, सडक आणि वाळू या तिन्ही मुलुखांवर एका सकाळीं स्वारी करणें हें थोर कृत्य. त्यांत गुडघा नादुरुस्त असतां करणें थोराहून थोर. आणि घरांतून नाराजी असतां करणें यास तर तोडच नाहीं. सबब मलपे बंदरींचे बर्फकारखान्याचे खासे, अखंडितबर्फालंकृत राजमान्य राजश्री पद्मनाभ अण्णा सालियान यांणीं कापूच्या किनाऱ्यावर जी मर्दुमी केली, ती जैसी घडली तैसी लिहितों. तिखटमीठ लाविलें नाहीं. मलप्यास मीठ मुबलक, तरी लाविलें नाहीं.

मूळ मजकूर ऐसा कीं, गेले आषाढीं चिखलाच्या शेतांत रस्सीखेच मांडली, आणि मलप्याचे बाजूनें दोराचे शेवटीं मेख म्हणोन अण्णा उभे राहिले, आणि पलीकडे उडपीचे दंतवैद्य डेन्झिल कुटिन्हो, हयातभर दांत उपटण्याचा सराव असलेले गृहस्थ, दोर धरोन उभे राहिले. मग त्यांणीं जो हिसका दिला, त्यासरशी अण्णांचें धड पुढें आलें आणि डावा पाय चिखलांतच राहिला. गुडघ्यांतील गादी फाटली. चार माणसांनीं उचलोन आणिलें. ज्या खाविंदांनीं तमाम किनाऱ्यास बर्फ पुरविला, त्यांचा बर्फ घरचेच गुडघ्यावर खर्ची पडों लागला.

आतां कापूचे किनाऱ्यावर दरसाल माघाचे सुमारास ट्रायथलॉन म्हणोन जंग होतें. पाव कोस समुद्र पोहावा, मग सहा कोस सायकल हाकावी, मग दीड कोस धावावें, आणि हें सर्व पैसे भरोन करावें, ऐसा तेथील दस्तूर. डेन्झिल डाक्तर आणि अण्णा यांचें त्या जंगांत जुनें वैर. एक साल हे पुढें, एक साल ते पुढें, आणि मधले महिने दोघे एकमेकांच्या घरीं जेवून तेंच उगाळीत. यंदा अण्णांचें नांव जाईल ऐसें कोणाचे ध्यानींमनीं नव्हतें. अण्णांनीं कोणास न विचारतां नांव धाडिलें.

खबर घरांत पोहोंचली तेव्हां अण्णांचें कुटुंब जलजाक्षी अक्का, ज्या शाळेंत कन्नड शिकवितात आणि घरींही शिकवितात, त्या नीरदोसे घालीत होत्या. त्यांणीं तवा उतरविला नाहीं, आवाज चढविला नाहीं. फर्मान निघालें तें ऐसें:

"जा. मी अडवत नाही. पण अहो, एक लक्षात ठेवा. शेवटच्या रेषेवर मी उभी असेन. लंगडत आलात, तर ती सायकल त्याच संध्याकाळी माळ्यावर चढेल, आणि पुन्हा खाली यायची नाही. कुठला पाय, का लंगडला, हे मी ऐकणार नाही."

"थोडंसं लंगडलो तर?" अण्णांनीं अर्ज केला.

"थोडंसं लंगडणं म्हणजे काय असतं?"

अण्णा ओसरीवर सायकलीपाशीं गेले. ती सायकल म्हणजे त्यांचा जीव कीं प्राण. पहांटे तीवर बसोन मट्टूच्या पुलापावेतों जावें, खाडीचा वारा खावा, तेव्हांच कारखान्याचा कटकटीचा दिवस निभे. आषाढापासोन ती ओसरीवर उभी, आणि अण्णा तिची धूळ पुसत आणि उसासत. ती माळ्यावर गेली तर आपलें वय जाहलें, हें त्यांस पक्कें कळत होतें. जीव धास्तावला होता.

मग व्यायामउपचार करणाऱ्या झुलेखाबाई, वयानें पोर परंतु जरब सेनापतीची, यांकडे कौल मागावयास गेले. त्यांणीं गुडघा वांकवून पाहिला, दाबून पाहिला, आणि कौल दिला तो ऐसा कीं, पोहावें खुशाल, सायकल हाकावी बेतानें, आणि धावतांना विजेचे दोन खांब धावावे व तिसरा खांब चालावा. मग मागोन वाघ आला तरी तिसरा खांब चालावाच.

"आणि पुढं डेन्झिल असला तर?" अण्णांनीं पुसिलें.

"तर वाघापेक्षा हळूच जाईल तो. चाला."

मोहिमेचा दिवस उगवला. समुद्र निवळ, वारा मंद, दीपस्तंभाखालीं डेरे पडले. सायकलींची पागा बांधली होती. तींत ज्याची सायकल त्यानेंच नेऊन लावावी, इतरांस मज्जाव. जलजाक्षी अक्कांनीं कुंपणापासोनच सरंजाम हवालीं केला: एक तांब्या पाणी, एक पंचा, आणि धुतलेले मोजे. हुकूम ऐसा कीं समुद्रांतून आलियावरी पाय धुवावे, पुसावे, मोजे घालावे आणि मगच बूट. अण्णांनीं मान डोलविली आणि सर्व सरंजाम नीट मांडिला. अक्का दीपस्तंभाकडे गेल्या. त्यांचे गळ्यांत भावाच्या मासेमारी बोटीवरील दुर्बीण होती.

तंव शिटी जाहली. तमाम फौज पाण्यांत लोटली, हात हातांत, लाथ तोंडांत, ऐसी खणाखणी जाहली. परंतु अण्णा मोगवीर कोळ्यांचे पोर, समुद्र त्यांस ओसरीसारखा. डेन्झिल डाक्तर उडपीच्या तलावांत शिकलेले. लाट आली कीं ते तोंड मिटीत आणि दिशा चुकत. अण्णा पाण्यांतील खुणेच्या भगव्या फुग्यास वळसा घालोन बाहेर आले तेव्हां डाक्तर पाण्यांतच होते. अण्णांची छाती फुगली. तेथेंच बुद्धि फिरली.

कां कीं या जंगांतील लोकांची एक विलक्षण समजूत आहे. वर्षभर पहांटे उठोन जो वेळ कमवावा, तो मोजे घालण्यांत जातो, ऐसें त्यांस वाटतें. महिने महिने घाम गाळतील, परंतु पाय पुसावयास थांबणार नाहींत. अण्णांनीं तांब्याकडे पाहिलें, पंच्याकडे पाहिलें, मागें पाहिलें तों डाक्तर वाळूंत धांवत येत होते. मग ओल्या, वाळूनें माखल्या पायांवर तैसेच बूट चढविले, गांठ आवळली, शिरस्त्राण बांधिलें, आणि सायकलीवर स्वार जाहले. तांब्या भरला तैसा राहिला.

सायकलीवर सर्व गोड होतें. माडांची सावली, डावा गुडघा गुमान फिरे, अण्णा मनांत गाणें म्हणत होते. मट्टूच्या पुलावर वारा समोरून आला आणि डाक्तर मागोन आले. दोघे सोबतच पागेंत परतले. आणि अण्णा सायकल लावोन धावों लागले, तों पहिल्याच खांबाशीं उजव्या टाचेखालीं कांहीं कचकन् रुतलें.

शिंपल्याचा तुकडा. वाळूसमवेत बुटांत शिरला, सायकलीवर निपचित बसला, आणि आतां दर पावलास दंश करूं लागला. दोन खांब अण्णा दांत खाऊन धावले. तिसरा खांब चालले. मग पुन्हां धावले, आणि ध्यानांत आलें कीं आपण लंगडतों आहों. डावा गुडघा ठणठणीत, आणि लंगडतो उजवा पाय! दैवाची ही थट्टा कोणास सांगावी? "कुठला पाय, ऐकणार नाही," हें फर्मान कानांत घुमूं लागलें, आणि दूर दीपस्तंभाचे खडकावर ऊन पडोन कांच चमकली. दुर्बीण इकडेच रोखलेली.

मागोन डाक्तरांचे बूट वाजत होते. थांबावें तर डाक्तर पुढें जाणार. न थांबावें तर सायकल माळ्यावर जाणार. अण्णांनीं मनाशीं मोठी मसलत केली. डेन्झिलला हरविण्याची हौस दांडगी होती. चिखलांतला तो हिसका अद्याप विसरला नव्हता. परंतु उद्यां पहांटे ओसरी रिकामी दिसेल, हें चित्र डोळ्यांपुढें आलें, आणि अण्णा गटाराच्या कठड्यावर मटकन् बसले.

बुटाची गांठ भिजोन फुगलेली, नखांस दाद देईना. डाक्तर आले, पाहिलें आणि वेग कमी केला.

"काय मारायरे, अहो महाराज, बसलात? पेज मागवू का?"

"मागवा. लोणचंही आणा."

"गुडघा?" या वेळीं आवाजांत थट्टा नव्हती.

"गुडघा नव्हे, शिंपला. पळा तुम्ही, डाक्तर. उगाच माझ्यामुळं हरलो म्हणाल."

डाक्तर गेले. अण्णांनीं गांठ दातांनीं सोडविली, बूट झटकला, तो नखाएवढा गनीम रस्त्यावर पडला. त्यास शिवी दिली ती येथें लिहित नाहीं. मग पाय तळहातानें पुसला, बूट चढविला, आणि दोन खांब धावावे, एक चालावा, ऐसें करीत निघाले. शेवटच्या वळणावर पाहतात तों डाक्तर अगदीं पुढेंच! तेही मोज्यांवांचून आलेले. दोन्ही टाचा सोलल्या होत्या आणि बदकासारखे चालत होते. एक मुसंडी मारली तर फत्ते अण्णांची. परंतु मोजून पाहिलें तों तो खांब तिसरा.

"अण्णा, पळा!" किनाऱ्यावरील आलम ओरडला. "चालताय काय? हातातला आहे तो!"

अण्णांनीं गुडघ्याकडे पाहिलें, खांबाकडे पाहिलें, आणि चालले. ताठ मानेनें, दोन्ही पाय सारखे टाकीत, लग्नाच्या वरातींत चालावें तैसे चालले. डाक्तर फेंगडत रेषेपार गेले, आणि त्यांचेमागें अण्णा गेले.

जलजाक्षी अक्का दुर्बीण गळ्यांत टाकोन समोर आल्या. खालीं पाहिलें. "दहा पावलं चालून दाखवा." अण्णा चालले. "वळा." वळले.

"कठड्यावर बसलात ते दिसलं मला," अक्का म्हणाल्या. "डेन्झिल पुढं गेला तरी बसलात. तेव्हाच म्हटलं, गुडघ्याचं देव जाणे, डोकं तरी बरं झालं. मोजे नाही घातलेत ना?"

अण्णांनीं बूट वाळूंत खुपसले.

"वाटलंच." मग पागा मोकळी होतांच अक्कांनीं तो भरला तांब्या आणविला आणि डेन्झिल डाक्तरांपुढें ठेविला. "घ्या, तुम्ही तरी पाय धुवा. आणि पुढच्या आषाढात दोर जरा हळू ओढा." डाक्तर ओशाळले आणि मुकाट टाचा धुवूं लागले.

अण्णा बुटाची गांठ सोडावयास वाकले, तों अक्कांनीं त्यांची हनुवटी धरोन वर केली. अक्कांचे डोळे भरले होते.

"राहू द्या ते. आषाढापासून तुमचे पायच बघत्येय मी. आज जरा तोंड बघू द्या."

येणेंप्रमाणें कापूची मोहीम फत्ते जाहली. दंतवैद्य पुढें आले ते पुढें आले. त्यांणीं पदक गळ्यांत घालोन दोन दिवस चपला हातांत धरिल्या. अण्णांस पदक नाहीं. सायकल खारें पाणी पुसोन, साखळीस तेल देवोन ओसरीवर पूर्ववत् उभी केली, आणि तिचे मुठीस अक्कांनीं आपले हातें धुतलेले मोजे टांगिले. हें कलम पक्कें. बखर समाप्त.