नानांचं डिक्लेअर

आमच्या शेजारचे नाना बोलत नाहीत, डिक्लेअर करतात. सकाळी गच्चीवर उभं राहून अख्ख्या नगरा मोहल्ल्याला ऐकू जाईल अशा आवाजात, "आज दोडक्याची भाजी, डिक्लेअर!" दोडक्यासाठी एवढी दवंडी! मी लग्न होऊन नागपूरहून झाशीत आले, तेव्हा पहिल्याच दिवशी दचकून दूध सांडलं होतं.

नळाला पाणी आलं, डिक्लेअर. दाढ दुखते, डिक्लेअर. माईंशी, म्हणजे बायकोशी भांडण झालं की अबोलाही डिक्लेअर करायचे आणि थोड्या वेळाने स्वयंपाकघरात डोकावून "अजून चालू आहे हं" असं सांगून यायचे. आता काय म्हणावं या माणसाला!

एकदा मी न राहवून म्हटलं, "नाना, निकाल डिक्लेअर होतो, सुट्टी होते, क्रिकेटमध्ये डाव होतो. दोडकं होत नाही हो."

"सूनबाई, ते तुमच्या नागपुरात. झाँसी में सब होता है!"

गेल्या थंडीत माईंच्या छातीत कफ भरला. सिव्हिल लाइन्समधल्या एका हॉस्पिटलात त्यांना ठेवलं. नाना तिथेच मुक्कामाला. गच्ची गप्प झाली आणि खरं सांगते, मला करमेना.

एका दुपारी फोन आला. नानांचा आवाज पार फाटलेला. "सूनबाई, डॉक्टरांनी डिक्लेअर केलं. घरी आणतोय." एवढं बोलून फोन बंद.

हॉस्पिटलातून हा शब्द असा एकटा आला, की त्याचा एकच अर्थ होतो. मी रडत रडत समोरच्या चाचीजींना सांगितलं. "अरे राम, अम्माजी चली गईं?" म्हणत त्या पांढरी साडी नेसून आल्या. गल्लीतल्या माणसांनी अंगणात सतरंजी घातली. एक भैया तर बांबूसुद्धा घेऊन आला. मी गंगाजलाची लोटी आणि तुळशीचं पान काढून ठेवलं.

दारात ऑटो थांबली. सगळे उठून उभे राहिले. शाल सावरत, स्वतःच्या पायांनी, माई खाली उतरल्या.

"अगं बाई, कोण गेलं?"

चाचीजी किंचाळून सतरंजीवर बसल्या. भैयाने बांबू पाठीमागे लपवला. तो दोन्हीकडून दिसतच होता.

"सुट्टी डिक्लेअर केली, असंच म्हणालो ना मी?" नाना गोंधळले.

"सुट्टी कुठे म्हणालात?"

"गळा दाटून आला होता... राहून गेलं असेल."

माझा जीव थाऱ्यावर नव्हता. सगळ्यांसमोर ओरडले, "नाना, पुन्हा हा शब्द तोंडातून काढलात तर याद राखा!" नानांचा चेहरा एकदम पडला. ते आत निघून गेले.

संध्याकाळी मी माईंसाठी भाताची पेज घेऊन गेले. नाना बाजारात औषधं आणायला गेले होते. माईंनी माझा हात धरला.

"त्यांना रागावू नकोस गं. आमची शकू सहा वर्षांची असताना अशीच हॉस्पिटलात होती. डॉक्टर बाहेर आले, हाच एक शब्द बोलले आणि निघून गेले. मला कुठलं आलंय इंग्रजी! मी यांना विचारलं, म्हणजे काय हो? हे नुसते माझ्याकडे बघत राहिले."

इतकी वर्षं शेजारी राहून मला ठाऊकच नव्हतं की यांना एक मुलगी होती.

"नंतर रेडिओवर कुणी डाव डिक्लेअर केला, तरी मी थरथर कापायची. एके दिवशी हे चहा घेऊन आले. म्हणाले, चहा डिक्लेअर! मी कप भिंतीवर फेकला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. मग भाजी, मग पाऊस, मग काहीही. तो शब्द त्यांनी वापरून वापरून बोथट केला."

"आणि मी तोच बंद करायला सांगितला!" माझे डोळे भरून आले.

"त्यांना बोलू दे. माझी भीती त्यांनी केव्हाच घालवली. त्यांची मात्र गेली नाही. मला सुट्टी मिळेपर्यंत हॉस्पिटलात एकदाही तो शब्द उच्चारला नाही त्यांनी. डॉक्टर वॉर्डात शिरले, की हे दोन्ही कानांवर हात ठेवून जिन्यात जाऊन बसायचे."