पाय पुसून आलेलं भूत

घराला रंग द्यायचा नाही, असा निर्णय रीळमास्तरांनी अकरा वर्षांपूर्वी घेतला आणि प्राणपणाने पाळला. (निर्णय कसला डोंबलाचा, आळस! पण आळसाला निर्णय म्हटलं की जरा वजन येतं.) बायको दर वर्षी म्हणायची, "अहो, भिंतीचे पोपडे डोक्यात पडतायत." मास्तर म्हणायचे, "बघू पुढच्या वर्षी."

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत हं. ते जन्ममृत्यूच्या नोंदी करणारे कारकून. एक जुना, काळापांढरा भूतपट त्यांना रिळागणिक पाठ होता, म्हणून कचेरीने हे नाव ठेवलं. भूतबंगल्याचा जिना कसा करकरतो, दार कसं कण्हतं, हे डब्याच्या सुट्टीत ते तोंडाने आवाज काढून दाखवत. कुणी घाबरत नसे. हेडक्लार्क तर तोंडावर जांभई देत.

अशात तोच सिनेमा नव्याने निघणार अशी बातमी आली. मागोमाग बंगला शोधत दिग्दर्शकच गल्लीत आला आणि मास्तरांच्या दुमजली घरासमोर हात जोडून उभा राहिला. "वा! काय अवकळा आहे! अशी अवकळा पैसे देऊन मिळत नाही हो!"

मास्तरांना अगदी भरून आलं. करार झाला. अट एकच: चित्रीकरण संपेपर्यंत घराला हात लावायचा नाही. धूळ, जळमटं, करकरणारा जिना, सगळं जसंच्या तसं हवं.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी कचेरीत जाहीर केलं, "साहेब, पहिल्या खेळाला तुम्ही किंचाळला नाहीत तर पुन्हा या सिनेमाचं नाव काढणार नाही."

"आणि किंचाळलो," हेडक्लार्क म्हणाले, "तर सगळ्यांसमोर कबूल करीन की मास्तर, तुम्ही जिंकलात."

मास्तरांची झोप उडाली. तुम्ही जिंकलात, असं त्यांना जन्मात कुणी म्हटलं नव्हतं. (घरी तर नावच नको.) एवढं एक वाक्य कानावर पडलं की डोळे मिटायला ते मोकळे होते.

पण माणूस मुलखाचा घोळ घालणारा. बायकोला त्यांनी सांगितलं ते एवढंच, की सोमवारी सिनेमावाले येतायत, चाळीस माणसं. अट सांगायची राहिली. ती मुद्दाम सांगायला हवी असं त्यांना वाटलंच नाही. अकरा वर्षांत कोणी घराला हात लावला होता का? आणि चाळीस कप विसळायला आपल्याला बसवतील या भीतीने ते चार दिवस बहिणीकडे जाऊन राहिले.

रविवारी संध्याकाळी परतले तर घर सापडेना. दोनदा पुढे जाऊन मागे आले. शेवटी पिस्ता रंगाच्या एका लखलखीत घराच्या दारात बायको दिसली, कमरेला पदर, हातात कुंचा.

"अगं, हे काय करून ठेवलंस?"

"मी, माझ्या दोघी बहिणी आणि रंगारी. चार दिवस पाठ टेकली नाही. जिन्याला खिळे मारले, बिजागऱ्यांना तेल घातलं. ऐका, दार उघडलेलं कळतसुद्धा नाही!"

"अगं बाई, ते भुताचा सिनेमा काढायला येतायत!"

"भुताचा असला म्हणून काय झालं? पहिल्यांदा घरी येतायत. चारचौघांत माझी शोभा करायची होती का तुम्हाला? पडद्यावर जग बघणार, म्हणणार काय ही बाई, जळमटं काढत नाही!"

बिचारीचं चुकलं तरी काय होतं?

सोमवारी दिग्दर्शक आला आणि पायरीवरच बसला. पण नटीच्या तारखा पाचच दिवसांच्या होत्या. नवा बंगला शोधणार कधी? काळे पडदे लावून काम सुरू झालं. कलाविभागाची माणसं यंत्राने खोटी कोळ्याची जाळी फवारायची आणि चहाच्या सुट्टीत मास्तरांची बायको कुंचा फिरवून मोकळी व्हायची. "राहू द्या हो वहिनी!" दिग्दर्शक गयावया करायचा. "अहो, संकोच कसला? मला सवय आहे," वहिनी म्हणायच्या. भूत झालेली नटी चिखलाचे पाय घेऊन आत आली तेव्हा तिला असं काही फैलावर घेतलं, की पुढे ती बाई प्रत्येक वेळी गुपचूप पायपुसण्याला पाय पुसूनच आत यायची. मास्तर वरच्या मजल्यावरून हे सारं बघत, स्वतःचेच केस उपटत फिरत होते.

पहिल्या खेळाला अख्खी कचेरी हजर. मास्तरांच्या एका बाजूला बायको, दुसऱ्या बाजूला हेडक्लार्क.

पडद्यावर जिना आला, पण जिना करकरला नाही. दार उघडलं, पण दार कण्हलं नाही. एका क्षणी जाळं होतं, पुढच्या क्षणी गायब. मग वीज कडाडली, भूत उंबऱ्यात आलं, केस सोडले, डोळे फिरवले आणि पायपुसण्याला आधी उजवा, मग डावा पाय नीट पुसून आत शिरलं. थिएटर हसून लोटपोट! मागची बाई पुढे वाकून विचारत होती, "रंग कुठला हो हा? छान उजेड पडतो." बायकोने तिला रंगाऱ्याचा पत्ता दिला. हेडक्लार्कनी जांभई दिली. मास्तर खुर्चीत इतके खाली सरकले, की दिसत होतं ते फक्त टक्कल. संपलं सगळं!

आणि तेवढ्यात पडद्यावर वरच्या मजल्याची खिडकी आली. खिडकीत एक तोंड. गाल बसलेले, डोळे खोल गेलेले, उरलेसुरले केस ताठ, जबडा वासलेला. नुसतं बघत होतं, बास.

थिएटर एका आवाजात किंचाळलं. पोरं आयांच्या कुशीत शिरली. हेडक्लार्क "अगं आई गं!" करून मास्तरांच्या मांडीवर येऊन पडले. मास्तर तर सगळ्यांच्या वर ओरडले.

"अहो, ओरडता काय?" बायको म्हणाली. "तुम्हीच आहात ते."

दिवे लागले. हेडक्लार्क मांडीवरून उठले, घाम पुसला. शब्दाचा माणूस! सगळ्या कचेरीकडे वळून म्हणाले, "कबूल. मास्तर, तुम्ही जिंकलात. फक्त एक विनंती आहे, उद्यापासून टेबल भिंतीकडे तोंड करून लावा."

दिग्दर्शक धावत आला आणि त्याने मास्तरांचे दोन्ही हात धरले. "सिनेमा बुडाला, पण तेवढा एक प्रसंग वाचला! पुढच्या सिनेमात भूत तुम्हीच! मेकअपचा खर्चसुद्धा नाही!"

मास्तरांनी मोठ्या आशेने बायकोकडे पाहिलं. आता तरी ती दोन गोड शब्द बोलेल!

बायको मात्र शरमेने अर्धी झाली होती. मागच्या बाईला ती हात जोडून सांगत होती, "घराचा कोपरान् कोपरा घासला होता हो मी. हे तेवढे बहिणीकडे गेले होते, म्हणून राहिले."