खुरपं घेऊन गोल्फ

हे लिहायचं जवळजवळ राहूनच गेलं होतं. गोल्फची गोष्ट म्हटली की लोक पहिल्याच ओळीला उठतात, आणि डहाणूकडचं गोल्फ म्हटलं की त्याआधीच हसतात. पण धनेशचं काय झालं ते कुणीतरी सांगायला हवंच.

घोलवडला अमृतभाईंच्या चिकूच्या वाडीत जुनी झाडं काढल्यावर एक लांबोडकी जागा मोकळी झाली. तिथे गवत लावलं, सात होल खणले, आणि झाला क्लब. मेंबर म्हणजे दोन डॉक्टर, एक हार्डवेअरवाला, असेच. तलासरीत मोबाईलचं दुकान चालवणारा धनेश बाईकवरून यायचा. त्याचा शाळेपासूनचा दोस्त सुनिल नर्सरीवाला. तो चालतच यायचा.

वर्षातून एकदा याच वाडीत उंबरगावकरांशी मॅच. धनेशला टीममध्ये आजवर कुणी घेतलं नव्हतं. यंदा त्याचा हात बसला होता, इतका की बायकोने, दक्षाने, माहेरी सांगूनही टाकलं. सासरे नवा शर्ट घालून मॅच बघायला येणार होते.

आणि यंदाच अमृतभाईंचं डोकं फिरलं. "लोक रमतगमत खेळतात ने जेवणाच्या पुऱ्या थंड होतात," हे त्यांचं दुःख. त्यांनी नियम काढला. टीम निवडायच्या दिवशी वाडीतली जेवणाची घंटा वाजायच्या आत ज्या जोडीचे सातही होल झाले नाहीत, ती जोडी टीममधून बाद. जोड्या चिठ्ठ्या टाकून.

धनेशने चिठ्ठी उघडली. सुनिल.

सुनिल वाईट खेळायचा नाही. पण फटका मारताना काठीबरोबर गवताचा तुकडा उडतो, तो उचलून परत बसवायचा, अशी गोल्फची रीत आहे. बाकीचे तुकडा पायाने ढकलतात आणि चालू लागतात. सुनिल नर्सरीवाला. त्याच्या गोल्फच्या पिशवीत काठ्या तीन, बाकी खुरपं, पाण्याचा कॅन आणि शेणखताची थैली. तो बसायचा, माती भुसभुशीत करायचा, खत घालायचा, तुकडा दाबायचा, पाणी द्यायचा. मग थोडं मागे सरकून बघायचा.

"आज जरा भरभर हां," धनेश सुरुवातीलाच म्हणाला.

"मी कुठे थांबतो? लावतो नि निघतो."

दुसऱ्या होललाच डॉक्टरांची जोडी मागे येऊन खोकायला लागली. मागचे खोळंबले तर बाजूला होऊन त्यांना पुढे सोडायचं, ही दुसरी रीत. सोडलं. डॉक्टर फटाफट मारत गेले आणि मागे गवताची लक्तरं टाकत गेले. सुनिल खुरपं घेऊन तिकडे निघाला.

"सुन्या, ते खड्डे त्यांचेत."

"गवत कुणाचंय?"

तिसऱ्याला हार्डवेअरवाला पुढे गेला. त्याचेही खड्डे. जितके लोक पुढे जात, तितके खड्डे वाढत, आणि जितके खड्डे वाढत, तितके हे दोघे मागे पडत. धनेशला राग चढला. रागाने तो जोरात मारू लागला आणि दर फटक्याला पाटाएवढं गवत उडवू लागला. सुनिल प्रेमाने म्हणाला, "तुझे जरा खोल होतात बघ."

सहाव्याला खुद्द अमृतभाई पुढे गेले. जाताना घड्याळ दाखवून गेले. त्यांचा हात जड. सातव्याच्या तोंडाशी त्यांनी एक खड्डा असा पाडला की त्यात कलिंगड बसलं असतं. सुनिलने तोही भरला आणि उरलेलं सगळं पाणी तिथे ओतलं.

मग सुनिलने आपला चेंडू आत घातला. धनेशचा मात्र घरंगळत येऊन नेमका त्या ओल्या लागवडीवर बसला. होल चार पावलांवर. समोर सावलीत अमृतभाई घंटेची दोरी धरून उभे. एक फटका, आणि धनेश टीममध्ये.

त्याने काठी उचलली. पोराला सुई टोचताना बाप फिरवतो तसं सुनिलने तोंड फिरवलं.

धनेशने काठी खाली घेतली. वाकून चेंडू उचलला, चेंडू हाताने हलवल्याचा दंड म्हणून एक फटका स्वतःच पदरात घेतला आणि चेंडू बाजूला टाकला. तिथून मारलेला होलच्या काठावर जाऊन थांबला. पुन्हा मारायला तो पुढे झाला आणि घंटा वाजली.

अमृतभाईंना जेवतानाही राहवेना. "तिथूनच मारायचा ने, धनेशभाई. येऊन जाता टीममध्ये."

"तो तुमचाच खड्डा होता."

नियम काही बदलला नाही, पण अमृतभाईंनी उठून दोघांच्या ताटात स्वतःच्या हाताने गरम पुऱ्या वाढल्या.

हात धुताना सुनिल हळूच म्हणाला, "मारायचा होता रे. मी बघत नव्हतो."

"म्हणून तर मारता आला नाही."

"मॅचला उंबरगाववाले सगळी वाडी उकरून ठेवतील. मला दिवसभर पुरेल." मग त्याला आठवलं. "तुझे सासरे येणारेत ना?"

"येऊ देत," धनेश म्हणाला. "तू खुरपं घे. पाण्याचा कॅन मी धरेन, त्यांच्यासमोर."