तीर्थ म्हणजे पाणी नव्हे

कोणतीही वस्तू घासूनपुसून काढली की ती स्वच्छ होते, असा एक भोळा समज पुढारलेल्या देशांत आहे. आपल्याकडे हे शास्त्र बरंच पुढे गेलेलं असल्यामुळे, वस्तू कोणी पुसली हे कळल्याशिवाय ती स्वच्छ झाली की घाण झाली हे सांगता येत नाही. सन १९७६ साली जालन्याच्या बाहेर, औरंगाबाद रस्त्याला, काकासाहेबांच्या 'झुंबर केमिकल्स'मध्ये या दोन्ही पद्धतींचा मेळ घालण्याचा प्रयोग झाला. त्याची नोंद कुठल्याही सरकारी अहवालात नाही, म्हणून ती इथे करून ठेवत आहोत.

काकासाहेब मूळचे पिंपळगाव रेणुकाईचे. घरची शेती भावांवर सोपवून ते धुण्याच्या पावडरीचा कच्चा माल करायला जालन्याला आले, कारण जग स्वच्छतेकडे चाललं आहे हे त्यांनी ओळखलं होतं. कारखान्याला त्यांनी आईचं नाव दिलं, भिंतीवर 'शिस्त' असं ठळक अक्षरांत रंगवून घेतलं (आणीबाणीच्या त्या साली सगळेच घेत होते) आणि शेडच्या मधोमध चार हजार लिटरचं एक बंद भांडं बसवलं. त्याचं इंग्रजी नाव काहीही असो, कामगार त्याला देग म्हणत. देगेला वर एक गोल तोंड होतं. त्यातून सडपातळ माणूस आत उतरू शके.

या देगेत आधी फिनेल व्हायचं. आता तिच्यात तेल घालून त्यावर जालीम तेजाब सोडायचं होतं. तेजाब विकणाऱ्यांनी सोबत सुरक्षेची एक पुस्तिका पाठवली होती आणि काकासाहेबांनी ती खरोखर वाचली होती (मराठवाड्यात वाचली गेलेली ही तिसरी प्रत असावी). पुस्तिकेचं म्हणणं थोडक्यात असं, की देग आधी सोड्याच्या आणि मग साध्या पाण्यानं धुवावी. खालच्या नळीतून जुन्या फिनेलची वाफ आत जमते, म्हणून हवेचा पंखा सतत चालू ठेवावा. आत उतरणाऱ्याच्या कमरेला दोरी बांधावी आणि ती धरायला वर माणूस असावा. शेवटी देग अशी वाळवावी की पाण्याचा थेंब राहता कामा नये. राहिलाच, तर तेजाब आणि पाणी एकमेकांना भेटून उकळत्या तेलासकट बाहेर उडतात, आणि झडप उघडणारा माणूस नेमका तिथंच उभा असतो.

काकासाहेबांनी या नियमांत पळवाट शोधली नाही. उलट त्यांत भर घातली.

कारखान्यात जातपात बिलकुल पाळली जात नसे. कायद्यानं ती बंद होती, आणि बंद असलेली गोष्ट पाळता येत नाही, म्हणून तिला तिथे 'सेफ्टी' म्हणत. आत उतरायला अनुभवी माणूस पाहिजे, या नियमानुसार धावडा गावच्या देवानंदला कामावर घेतलं. देवानंद मॅट्रिक होता आणि त्यानं आयुष्यात कधी टाकी पाहिली नव्हती. तरीही तो अनुभवी आहे हे काकासाहेबांनी त्याचं आडनाव आणि वस्ती ऐकताच ताडलं. त्याच्या वडिलांनी छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि त्या दिवसापासून गावची असली कामं सोडली, हे मात्र त्याला कुणी विचारलं नव्हतं.

दोरी धरायला काकासाहेबांचे चुलतभाऊ रामराव होते. पण सुताची दोरी एका टोकाचा विटाळ दुसऱ्या टोकाला पोचवते, असं काकासाहेबांच्या आईचं, म्हणजे झुंबरबाईंचं मत पडलं. रेशमातून तो जात नाही, पण रेशमाचा दोरखंड जालन्याच्या बाजारात मिळेना. अखेर नायलॉन हे यंत्रावरचं रेशीमच होय, असा निवाडा झुंबरबाईंनी दिला आणि कारखान्याला सुतापेक्षा कितीतरी मजबूत दोरी मिळाली. धर्मामुळे सुरक्षिततेचा इतका थेट फायदा झाल्याचं दुसरं उदाहरण आमच्या ऐकिवात नाही.

देवानंदनं देग घासली, धुतली, गरम हवेनं वाळवली आणि जुन्या धोतरानं कोपरान्‌कोपरा पुसून काढला. काकासाहेबांनी वरून बॅटरी मारून पाहिली. आत नुसता लखलखाट होता. दुसऱ्या दिवशी सकाळचा मुहूर्त ठरला. आधी पूजा, मग देवानंदच्या हातून झडप उघडून तेल आणि त्यावर तेजाबाची पहिली धार. पूजेच्या वेळी देवानंदला फाटकावर उभं केलं (गर्दी टाळणे, सेफ्टी).

झुंबरबाई पिंपळगावहून रेणुकाईचं तीर्थ कळशी भरून घेऊन आल्या. पंख्याच्या वाऱ्यानं समई विझायला लागली, म्हणून पंखा बंद केला. हळदकुंकू लावून झाल्यावर त्यांनी सहज विचारलं, की आत कोण उतरलं होतं. काकासाहेबांनी सांगितलं. झुंबरबाई म्हणाल्या, मंग शुद्ध करावी लागंल. काकासाहेबांनी धीर करून पुस्तिका काढली आणि आत पाण्याचा थेंबही चालत नाही हे वाचून दाखवलं.

"मी कुठं पानी म्हनलं?" झुंबरबाई म्हणाल्या. "तीर्थ म्हंजे पानी हाय का? तूच सांग, लेकरा."

काकासाहेबांची अडचण समजून घेण्यासारखी आहे. हो म्हणावं तर धर्म बुडाला, नाही म्हणावं तर हरकतच उरली नाही. ते नाही म्हणाले.

आता प्रश्न मापाचा. घागर बाटली तर एक पळी तीर्थ पुरतं, हे घराघरात ठरलेलं आहे. रामरावांनी तिथल्या तिथं त्रैराशिक मांडून, पंधरा लिटरला एक पळी तर चार हजार लिटरला चार तांबे, असं उत्तर काढलं. उत्तर बरोबर होतं. चारी तांबे त्यांनी देगेत ओतले आणि वरून झेंडूची फुलं टाकली.

देवानंदला बोलावलं. तो शिडीनं वर चढला, झडपेला हात घातला आणि थांबला. देगेच्या तोंडाला झेंडूची ओली पाकळी चिकटली होती.

"मालक, आत पानी गेलंय का?"

"पानी न्हाई गेलं," काकासाहेब म्हणाले. त्यांच्या दृष्टीनं ते खरंच होतं.

"मंग काय गेलंय?"

"तीर्थ."

देवानंदनं झडपेवरचा हात काढला आणि तो खाली उतरून आला. आवाज न चढवता म्हणाला, "मंग झडप तुमी उघडा, मालक. माझ्या घरी दोन पोरी हायेत."

काकासाहेब शिडी चढले. चढणं भाग होतं, कारण आई बघत होती. झडपेवर हात ठेवला आणि त्यांच्या घशाला कोरड पडली (कारखान्यात त्या घडीला खरोखर कोरडी अशी तेवढीच एक जागा होती). तीर्थाबद्दलची श्रद्धा तसूभरही कमी न होता त्यांना स्वच्छ कळलं, की आपण ही झडप उघडणार नाही. भीती वाटली, आणि त्याहून जास्त लाज वाटली. ही झडप आपण दुसऱ्याच्या हातून उघडायला निघालो होतो.

देग पुन्हा वाळवायची ठरली. देवानंद म्हणाला, लगेच पुसून देतो. पण देवानंद आत उतरला की देग पुन्हा बाटणार, बाटली की शुद्ध करावी लागणार, शुद्ध केली की ओली होणार आणि ओली झाली की देवानंदला उतरावं लागणार. या गतीनं पहिला माल कोणत्या शतकात निघेल, याचं त्रैराशिक रामरावांनाही जमेना. यावर तोड एकच होती. ज्याच्या उतरण्यानं देग बाटत नाही, अशा माणसानं उतरायचं. रामरावांचं पोट देगेच्या तोंडापेक्षा वीतभर मोठं निघालं. राहिले काकासाहेब.

काकासाहेब कमरेला नायलॉन बांधून, हातात धोतर घेऊन आत उतरले. पंखा बंद होता, कारण समई अजून तेवत होती. दोरी रामरावांच्या हातात होती. पण तेवढ्यात नारळ फोडायची वेळ झाली, झुंबरबाईंनी रामरावांना हाक मारली आणि त्यांनी जवळ उभ्या देवानंदच्या हातात दोरी दिली.

थोड्या वेळानं दोरीला हिसका बसला. मग आणखी एक, पहिल्यापेक्षा बारीक. देवानंद ओढायला लागला.

"दोरी सोड रे," झुंबरबाई म्हणाल्या. "रामराव, तू वढ." दोरी नायलॉनची असली तरी पोटचा लेक दुसऱ्या टोकाला असताना त्यांचा नायलॉनवरचा विश्वास डळमळला होता. रामरावांच्या दोन्ही हातांत नारळाची भकलं होती, ती कुठं ठेवावीत ते त्यांना सुचेना.

तेव्हा देगेच्या आतून घुमत आवाज आला. "आई, जो वढून राह्यलाय त्याला वढू दे."

देवानंदनं दोरीला ओढ दिली, तोंडाशी आल्यावर काकासाहेबांना बखोटीला धरून बाहेर काढलं आणि पंखा चालू केला. समई विझली. झुंबरबाई रडल्या. कळशीत उरलेलं तीर्थ त्यांनी लेकाच्या डोक्यावर ओतलं, आणि देवानंदला मात्र लांबून, तुझ्या पोरी सुखी राहोत म्हणून, तोंडभर आशीर्वाद दिला. आशीर्वादाला अंतराची अट नसते.

मग देवानंदनंच देग वाळवली. मधे कुणी काही शिंपडलं नाही, कुणी काही विचारलं नाही. त्यानं झडप उघडली आणि माल उत्तम निघाला. देवानंद हा आपला भाऊच आहे असं काकासाहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं आणि त्याला शेजारी बसवून चहा मागवला. चहा आला. काकासाहेबांचा बशीत आणि देवानंदचा खिडकीतल्या कान तुटलेल्या कपात. काकासाहेबांनी तो कप पाहिला. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि समोर आई बसली आहे हे बघून बशीवर फुंकर मारली.

देवानंद म्हणाला, "मला घाई हाय, मालक." तो उठून गेला आणि दुसऱ्या दिवशीपासून आला नाही. अनुभवी माणसं टिकत नाहीत, ही या धंद्यातली जुनी तक्रार आहे.

एवढं वाचून वाचकांना काकासाहेबांचं हसू आलं असेल. यायलाच पाहिजे, आता तो काळ राहिला नाही. हसून झालं की मात्र स्वयंपाकघरात जाऊन, भांडी घासायला येणाऱ्या बाईंचा कप कुठल्या कोपऱ्यात ठेवला आहे तेवढं बघून यावं. तो वेगळा ठेवण्यामागे तुमचं कारण अर्थातच स्वच्छतेचं आहे.