काचेतली शेळी

बहारीनमधल्या एका मराठी मंडळाचे अध्यक्ष विलासराव सुट्टीत मुलाकडे अमेरिकेला गेले. तिथे त्यांनी एका माजी राष्ट्राध्यक्षांचे ग्रंथालय आणि संग्रहालय पाहिले आणि परत येताच 'अध्यक्ष आम्हीही आहोत' ही बाब कार्यकारिणीच्या निदर्शनास आणून दिली. कार्यकारिणीने ती एकमताने मान्य केली. जो हरकत घेईल त्यानेच पुढचे अध्यक्ष व्हायचे, अशी मंडळाची जुनी प्रथा होती.

जागेचा प्रश्नच नव्हता. हूरा भागातल्या मंडळाच्या कार्यालयात शुभदाबाई दर शुक्रवारी मुलांना मराठी शिकवत, ती खोली होतीच. पुस्तकांचाही प्रश्न नव्हता; बाईंचे कपाट होते. बघता बघता खोलीत लाल गालिचा आला, काचपेट्या आल्या आणि दारावर पाटी लागली : 'अध्यक्षीय ग्रंथालय व संग्रहालय. पुस्तकांना हात लावू नये.'

बाईंचा जीव मात्र एका शेळीत अडकला होता. दापोलीकडच्या हमीदची मुलगी लाईबा त्यांच्या वर्गात होती. बाईंनी मराठीत विचारायचे आणि तिने इंग्रजीत उत्तर द्यायचे, असा त्या दोघींचा रिवाज. पण एका गोष्टीत लांडग्याने शेळीला विहिरीपाशी गाठले आणि पोरगी पहिल्यांदाच आपणहून, अक्षराला अक्षर जोडत वाचू लागली. तेवढ्यात वर्ग सुटला. पुढच्या शुक्रवारी खोलीला कुलूप!

"बाई, डिड द गोट एस्केप? प्लीज, टेल मी!"

"सांगणार नाही. वाच," बाई म्हणाल्या. आज शेवट सांगितला तर ही पुन्हा पुस्तक उघडायची नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते. संग्रहालय खुले झाले त्या दिवशी त्या तिला घेऊन थेट दारात हजर झाल्या.

दारात मंडळाचा सचिव जयेश उभा होता. "सीपीआर दाखवा. ओळखपत्राशिवाय प्रवेश नाही."

"अरे, काल संध्याकाळी माझ्याकडे आंबोळ्या हादडून गेलास ना?"

"काल मी शेजारी होतो, बाई. आज सचिव आहे."

कार्ड दाखवून दोघी आत गेल्या. एका पेटीत अध्यक्षांनी फोडलेल्या नारळाची करवंटी होती. दुसरीत, जेवण थंड होईपर्यंत ज्यावर ते बोलले तो माइक. आणि मधल्या पेटीत शेळीचे पुस्तक! वर्गाच्या उद्घाटनाला विलासरावांनी ते हातात धरून फोटो काढला होता. फोटोत पुस्तक उलटे होते, म्हणून ऐतिहासिक अचूकतेसाठी पेटीतही उलटेच उघडून ठेवले होते.

"जयेश, पुस्तक काढ."

"ते आता पुस्तक नाही, बाई. अध्यक्षांनी हाताळलेली वस्तू आहे."

"पेटी उघड म्हणते ना!"

"किल्ली अध्यक्षांच्या कोटाच्या खिशात आहे."

"कोट कुठंय?"

"तो काय, पुढच्या पेटीत."

"तिची किल्ली?"

"त्याच खिशात. पेटीचं दार ढकललं की आपोआप कुलूप लागतं, हे उद्घाटनानंतर लक्षात आलं."

लाईबाने पेटीकडे पाठ केली, पाय फाकवले, त्यांच्यामधून डोके खाली घातले आणि वाचू लागली, "शेळी... म्ह-णा-ली... लांडगेदादा, आधी विहिरीत... डोकावून..." पान संपले. "बाई, पान उलटा ना!"

मराठीत! बाईंना हुंदका आवरेना. पण पान काचेपलीकडे होते.

नेमके तेव्हाच विलासराव आले. त्यांनाही गहिवरून आले. "जयेश, बघितलंस? हे दुर्मीळ आहे. हे जतन व्हायला हवं."

पुढच्या शुक्रवारी दालनात चौथरा, त्याभोवती दोरी आणि पाटी : 'मराठी वाचणारे मूल. स्पर्श करू नये.'

"माझी पोरगी काय शोभेची भावली हाय?" हमीद कडाडला. "खलास! लाईबा, यल्ला, चल घरी!"

चौथरा रिकामा राहिला. त्याने काही बिघडले नाही. पालक पाटीशेजारी आपापली मुले उभी करून फोटो काढत आणि गावाकडच्या ग्रुपवर पाठवत. खाली 'अवर कल्चर' लिहायला विसरत नसत.

पुढे लाईबाची आत्या मुनीरा सुट्टीवरून येताना दापोलीहून तेच पुस्तक घेऊन आली. बाईंच्या स्वयंपाकघरात बसून लाईबाने ते संपवले आणि शेवटी अशी हसली, की जयेश भिंतीपलीकडून विचारायला आला, काय झालं म्हणून.

शेळीचे काय झाले, असे आता तुम्हीही विचाराल. गोष्टीची पुस्तके तुमच्याही दिवाणखान्यात आहेत. काचेच्या कपाटात, वरच्या फळीवर, पाहुण्यांना दिसतील अशी. किल्ली सापडली तर उघडून बघा.

बाई सांगणार नाहीत.