निकाल लागेपर्यंत फूल झाडावरच

सम्राटच्या धाकट्या पोराचं जावळ काढलं, त्याच वर्षी उचगावात त्याच्या बापाच्या, केरबाच्या दारची जास्वंद आंतरराष्ट्रीय बाजारपेठेत दाखल झाली. जावळाच्या पंगतीत सम्राटला कुणीतरी मोबाइलवर दाखवलं, की साध्या फुलांचे फोटो परदेशी वेबसाइटवर चढवले की जगभरचे लोक ते विकत घेतात. मटणाचा रस्सा ताटात निवत होता. सम्राट उठला तो थेट झाडापाशी जाऊन उभा राहिला.

झाड आक्कानं लावलेलं. आक्का म्हणजे केरबाची थोरली बहीण. ऐन तारुण्यात कपाळ पांढरं करून ती माहेरी आली आणि इथंच राहिली. रोज सकाळी एक जास्वंद गणपतीला वाहायची आणि मगच चहा तोंडाला लावायचा, एवढा तिचा नेम. त्यापलीकडं त्या घरात तिनं कधी काही मागितलं नव्हतं.

वेबसाइटवाल्या कंपनीची पहिली अट निघाली मालकाच्या संमतीची. झाडाची मालकीण म्हणून आक्कानं कौतुकानं अंगठा दिला. त्या दिवसापासून स्वतःच्या झाडाचं फूल तोडायला तिला सम्राटची परवानगी लागू लागली.

पहिले फोटो परत आले. कारण, पाकळीवर मुंगी. सम्राटनं औषध मारलं. पुढचे आले ते पाकळीला भोक म्हणून. त्यानं आणखी कडक औषध मारलं. तिसऱ्या खेपेला कंपनीनं कळवलं, की अशी फुलं आमच्याकडं पुष्कळ आहेत. सम्राटनं यातून योग्य तो बोध घेतला आणि दारात पाटी लावली : ‘निकाल लागेपर्यंत फूल झाडावरच राहील.’

निकालाला आठवडा लागे. जास्वंद संध्याकाळी मिटे. त्यामुळं तोडायला मोकळं झालेलं फूल आणि हयात असलेलं फूल यांची गाठ काही पडली नाही.

“बाळा, देव बोडका बसलाय रं,” आक्का म्हणाली.

“आत्ती, सोय केलीया की.” सम्राटनं फुलाचा रंगीत फोटो छापून, वर प्लॅस्टिक चढवून तिच्या हातात दिला. “ह्यो कायमचा. सुकायचा न्हाय, रोज तोडायचीबी कटकट न्हाय.”

“मग नैवेद्याला भाकरीचा फोटू ठेवू व्हय?”

“भाकरीला मागणी न्हाय, आत्ती. फुलाला हाय.”

आक्कानं त्या दिवशी चहा घेतला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. घरात कुणाच्या ते लक्षात आलं नाही, कारण त्याच दिवशी एक फोटो पास झाला होता. चौकात फ्लेक्स लागला : ‘आंतरराष्ट्रीय पुष्पछायाचित्रकार सम्राटदादा यांचे हार्दिक अभिनंदन’. गल्लीतल्या प्रत्येकानं आपापल्या कुंडीला जाळी मारली. कोपऱ्यावर फुलं विकणाऱ्या बायडाबाईनं दोन भाव केले, एक नेणाऱ्यांना, एक नुसतं फोटो काढणाऱ्यांना. दुसरा जास्त होता.

औषधानं मुंग्या गेल्या. मग कळ्याही गळायला लागल्या. श्रावणात आक्कानं अंथरूण धरलं, तेव्हा झाडावर एकच फूल उमललं होतं.

“केरबा,” ती म्हणाली, “तेवढं एक आण. माझ्या हातानं वाहते, मग बघू.”

केरबा दारात आला. सम्राट फुलापुढं उकिडवा बसून पाकळ्यांवर पाण्याचे थेंब फवारत होता.

“सम्राट, आक्काला फूल पायजे.”

“आबा, जरा थांबा. ऊन येऊ दे. एवढं एकच राह्यलंय.”

केरबानं हात पुढं केला होता. तोडलं असतं तर कुणी अडवणार नव्हतं. पण त्याचा जन्म कचेऱ्यांच्या बाकड्यांवर गेलेला. साहेब जेवायला गेलेत म्हटलं की बसायचं, हे अंगात मुरलेलं. त्यानं हात मागं घेतला आणि तो पायरीवर बसला.

ऊन आलं. फोटो निघाला. सम्राट म्हणाला, “न्या आता.”

केरबा फूल घेऊन आत गेला. आक्का निपचित पडली होती. त्यानं हाक मारली, खांदा हलवला, मग ते फूल तिच्या मुठीत बसवलं.

माणसं जमायच्या आत मोबाइल वाजायला लागला. गारगोटीचे पावणे, हातकणंगल्याचे पावणे, भावकी, सगळ्यांनी भावपूर्ण श्रद्धांजली पाठवली. प्रत्येक श्रद्धांजलीवर जास्वंद.

“आबा!” सम्राट ओरडला. “ही आपलीच की, मागं पास झालेली! ह्यो थेंब बघा, मीच मारलेला!”

“मग ह्या सगळ्यांनी इकत घेतला व्हय?”

“कुठलं! फुकट ढापलाय!”

तिरडी बांधून होईस्तोवर सम्राटनं शोकाकुल नातलगांना एकेक करून कळवलं, की सदर पुष्पाचा विनापरवाना वापर झालेला आहे. हातकणंगल्याच्या मामांनी लगेच माफी मागितली. सोबत तेच फूल पाठवलं.

पुढं सम्राटनं तक्रार करायला सगळ्यांची नावं काढली. मंडळी, त्यात तुमचंही नाव होतं. तुम्ही जोडलेले दोन हात आणि एक जास्वंद पाठवली होती. उचगाव तुम्हाला लांब नव्हतं.

आक्का नागपंचमीच्या आदल्या दिवशी सकाळी, ऊन दारात यायच्या आधी वारली.