दळणापुरती राक्षसनगरी

काष्टीच्या इमामचाचांच्या गिरणीत दळणाबरोबर गोष्ट मिळायची, पण दळण जेवढं तेवढीच. गिरणीच्या वरच्या पेटीतलं धान्य संपलं की चाचा वाक्य अर्ध्यावर तोडत. मग राक्षसानं चिमीला गिळायला जबडा उघडलेला असो, नाहीतर चिमीनं राक्षसाच्या मिश्या धरलेल्या असोत.

"दानं सरलं, गोष्ट सरली. चला, फुडचा डबा!"

इंजिनाची धडधड चालू, म्हणून चाचा गोष्ट ओरडून सांगत. अंगानं भुवयांपासून नखांपर्यंत पिठानं पांढरेफटक. परगावचं माणूस घाबरून दारातूनच माघारी फिरायचं.

पहिल्या भागात चिमी नावाची पोरगी राक्षसनगरीत शिरली आणि तिथल्या राजाला गुदगुल्या करून सुटून आली. झालं, संपलं, असं आम्हाला वाटलं. पण बहात्तरच्या दुष्काळात चाचांनी जाहीर केलं, "चिमीची शेळी तिकडंच ऱ्हायली की!" आणि भाग दुसरा सुरू झाला.

मी तिथल्या शाळेत मास्तर. एकोणतीस वर्षांचा घोडा. पण खोटं कशाला बोलू, तिसरीतल्या पोरांइतकाच येडा झालो होतो. बायकोनं सांगायच्या आत डबा उचलून पळायचो. नवऱ्याला संसाराची अक्कल आली, असं तिनं माहेरी कळवून टाकलं. नगरीच तशी होती हो! तिथं पाढे शेवटाकडून म्हणायचे, शेपटीला टोपी घातल्याशिवाय बाहेर पडायचं नाही, आणि राजा शिंकला की ढग तयार! एखादं पोर "राक्षसाला मारा" म्हणालं की चाचा उखडत. "मारा काय? त्याला घरदार न्हाई व्हय?"

पण घरोघरचं धान्य आटलं. रेशनवर मिळणाऱ्या लाल अमेरिकन ज्वारीचं, मिलोचं दळण ते केवढं! शेळी राजवाड्यात अडकली ती महिनाभर अडकलेलीच. मी एकदा दळलेलं पीठच पुन्हा दळायला नेलं. चाचांनी ते चिमटीत धरून बघितलं आणि डबा माझ्या डोक्यावर परत ठेवला.

अशात एका सकाळी मी आणि पोरं गिरणीत असताना माझ्या वर्गातली सखू आली. फडक्यात ओंजळभर मिलो.

"चाचा, आमी उद्या जातोय. तिसगावकडं, तलावाच्या कामावर. आज समदी गोष्ट सांगा. शेळी घावली का न्हाई?"

"येवढ्यात दोन वाक्यं व्हतील, पोरी."

सखूचा चेहरा पडला. मी माझा डबा पुढं सरकवला.

"न्हाई गुर्जी. ज्याचं दळन, त्याची गोष्ट. नेम म्हंजी नेम."

एवढं बोलून चाचा आत गेले आणि एक मडकं घेऊन आले. एकटा जीव, त्यांच्या भाकरीची ज्वारी त्यातच असे, हे आख्ख्या गावाला ठाऊक.

"सखे, तुज्या आयचं दानं इसरून ऱ्हायलं हुतं माज्याकडं. हे तुमचंच हाय."

मूठमूठ ज्वारी वर पडू लागली आणि गोष्ट जी सुटली म्हणता! चिमी भिंत चढली, पहारेकरी शिंकले, ढगच ढग झाले, आणि शेळी सापडली राजाच्याच खोलीत. तो तिला आपल्या ताटातलं भरवत होता. पोरं नाचायला लागली. मीही नाचलो, लाज काय त्यात! राजानं शेळी मुकाट्यानं देऊन टाकली, चिमी निघाली.

"मंग राजा एकलाच ऱ्हायला?" सखूनं ओरडून विचारलं.

वर ज्वारी शिल्लक असताना चाचा पहिल्यांदाच मध्येच थांबले.

"त्याला सवय हाय," ते म्हणाले.

सगळं पीठ बांधून घेऊन सखू गेली. मागोमाग पोरंही पांगली. चाचांनी इंजिन बंद केलं. एवढी शांत गिरणी मी कधी पाहिली नव्हती.

"गुर्जी, तिसगावात गिरनी आसंल न्हवं?"

"असणारच की."

"तिथला गिरनीवाला गोष्ट सांगत आसंल?"

"छे! असला गिरणीवाला दुसरा कुठला?"

चाचांचा चेहरा खुलला. पण क्षणभरच. मग ते मान खाली घालून म्हणाले, "न्हाई गुर्जी, त्यानंबी सांगाया पायजे. पोरगी लई लहान हाय."